ट्रेडमिल की पुळण? कोकणात बॉक्सिंगचा दम बांधताना

मालवणकडचा एक मुलगा शिक्षणासाठी रत्नागिरीत राहतो आणि संध्याकाळी आमच्या हॉलवर बॉक्सिंगला येतो. पहाटे उठून भाट्याच्या किनाऱ्यावर आठ किलोमीटर धावायचा. पावसाचे दिवस सोडले तर खाडा नाही. पहिल्याच स्पर्धेत दुसऱ्या राउंडच्या मध्यावर त्याचे हात छातीपर्यंत उतरले, तोंड उघडं पडलं. कोपऱ्यात स्टुलावर बसवून माउथगार्ड काढला, तर पहिलं वाक्य : "सर, पाय आसत, पण दम खंय गेलो?"

दम कुठे गेला नव्हता. तो एकाच चालीचा होता. सुरूच्या बनाशेजारून, समुद्राकडे बघत, आपल्याला झेपेल त्या लयीत आठ किलोमीटर. रिंगमध्ये समोरचा माणूस तुम्हाला तुमच्या लयीत राहू देत नाही, हीच तर त्याची कामगिरी असते.

उलट टोकाचाही एक नमुना आहे. पुण्याहून बदली होऊन आलेले एक बँकवाले. जिममध्ये ट्रेडमिलवर ताशी १२ च्या वेगानं अर्धा तास आरामात काढायचे. त्यांना पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, दोन चपला खुणेला ठेवून पुढे-मागे पळायला लावलं, तर चौथ्या मिनिटाला पोटऱ्या धरून खाली बसले.

हे दोघे डोळ्यांसमोर ठेवून मी आमच्या मुलांचं धावणं बसवतो. ट्रेडमिलच्या बेल्टवर वेग तुमच्या मनावर नसतो, तो लादलेला असतो. म्हणून जो वेग आपण एरवी टाळतो, तो बेल्टवर शिकायचा. बाहेर सुरू होणं, थांबणं, वळणं, रुतलेला पाय काढणं हे सगळं स्वतःच्या पायांनी करावं लागतं. म्हणून ते बाहेरच शिकायचं. आणि कुठल्या दिवशी काय, हे कोकणात बरंचसं पाऊस आणि पंचांग ठरवतं. ते कसं, ते पुढे येईलच.

बेल्ट पाय ओढतो का?

"ट्रेडमिलवर काय, खालचा पट्टाच पाय मागे नेतो, आपण नुसतं उड्या मारायच्या," असं छातीठोकपणे सांगणारे प्रत्येक जिममध्ये भेटतात. हे खरं नाही. पट्टा एकसारख्या वेगानं फिरत असेल तर शरीराच्या दृष्टीनं तो आणि स्थिर जमीन सारखीच. धावत्या रेल्वेच्या डब्यात चालताना पायाला वेगळं काही करावं लागत नाही, तसंच हे. खरा फरक हवेचा आहे. बाहेर धावताना आपण हवा कापत जातो, बेल्टवर जागच्या जागी असतो. अँड्र्यू जोन्स आणि जोनाथन डाउस्ट या संशोधकांनी १९९६ साली हे मोजून दाखवलं : साधारण ताशी १० ते १८ किलोमीटरच्या वेगात ट्रेडमिलला १ टक्का चढ दिला की खर्च होणारी ऊर्जा सपाट रस्त्याइतकी होते. तेव्हा चढाचं बटण एकवर ठेवा आणि हा वाद मिटवा. अगदी सावकाश जॉगिंगला हवेचा अडथळा नगण्यच असतो, तिथे शून्य ठेवलं तरी चालतं.

बेल्टची खरी उणीव वेगळी आहे. ताशी ५ वरून १३ वर जायला त्याला दहा-पंधरा सेकंद, कधी जास्तही लागतात. बॉक्सर हे अंतर एका पावलात तोडतो. शिवाय बेल्टवर बाजूला सरकता येत नाही, पाठीमागे जाता येत नाही आणि पाय दरवेळी तसाच, त्याच कोनात पडतो. घोट्याच्या बाजूचे स्नायू तिथे जवळजवळ सुट्टीवर असतात.

पहिली पायरी : बारा मिनिटं

वेग ठरवल्याशिवाय राउंड धावणं म्हणजे अंधारात बॅग मारणं. त्यासाठी १९६८ साली केनेथ कूपर यांनी मांडलेली बारा मिनिटांची चाचणी पुरते. सपाट, मोजलेली जागा घ्या. शाळेचं मैदान चालेल, मोटरसायकलच्या मीटरवर मोजलेला गावातला शांत रस्ताही चालेल. दहा-पंधरा मिनिटं अंग गरम करा आणि मग बारा मिनिटांत जास्तीत जास्त अंतर धावा. पहिल्या दोन मिनिटांत सगळं उधळून टाकू नका. मुलं नेमकं तेच करतात.

मिळालेल्या मीटरना २०० नं भागा, की ताशी किलोमीटरमध्ये वेग येतो. २४०० मीटर झाले तर १२, २६०० झाले तर १३. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पस्तिशी ओलांडलेल्यांनी, रक्तदाब-मधुमेह असलेल्यांनी किंवा वर्षानुवर्षं न धावलेल्यांनी ही चाचणी देण्याआधी डॉक्टरांना भेटावं. आणि स्पारिंगमध्ये, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीत, डोक्याला जोरात बसलं असेल, डोकं दुखत असेल, मळमळत असेल, तर चाचणी नाही, धावणंही नाही, आधी डॉक्टर.

दुसरी पायरी : यंत्राची परीक्षा

हे फार कमी जण करतात आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. समुद्राजवळच्या जिममधली यंत्रं खाऱ्या हवेनं लवकर म्हातारी होतात. बोल्ट गंजतात, रोलर घासतात, बेल्ट सैल पडतो. स्क्रीनवर १२ दिसतं म्हणून बेल्ट १२ नं फिरत असेलच असं नाही.

तपासायला शिवणकामाची टेप, खडू आणि एक जोडीदार पुरतो. यंत्र बंद करून बेल्टवर आडवी खडूची रेघ मारा. हातानं बेल्ट सरकवत टेपनं त्याची पूर्ण फेरीची लांबी मोजा. समजा ती ३ मीटर भरली. आता यंत्र ताशी ८ वर लावा, जोडीदाराला वर धावायला लावा आणि एका मिनिटात खडूची रेघ किती वेळा येते ते मोजा. वर माणूस असलाच पाहिजे, कारण रिकामा बेल्ट बरोबर फिरतो आणि वजन पडलं की दमतो. ताशी ८ म्हणजे मिनिटाला १३३ मीटर, म्हणजे ३ मीटरच्या बेल्टच्या ४४ फेऱ्या व्हायला हव्यात. आम्ही एका जिममध्ये मोजल्या तेव्हा ४० भरल्या. म्हणजे मिनिटाला १२० मीटर, ताशी ७.२. तिथे महिनोन्महिने सगळे जण १३ नं धावल्याचं समाधान घेऊन घरी जात होते.

फरक निघाला तर घाबरायचं कारण नाही, तेवढा हिशेबात धरा. प्रत्येक वेळी त्याच यंत्रावर धावा म्हणजे झालं. घरी यंत्र घेणार असाल तर मोटरचा 'सलग' हॉर्सपॉवर विचारा. जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापतात तो बहुधा क्षणभराचा कमाल आकडा असतो. दोनच्या खाली सलग हॉर्सपॉवर असलेलं यंत्र चालायला ठीक, राउंड धावायला नाही. आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. घामानं निथळणारा माणूस, दमट भिंत आणि लोखंडी दांडा असा योग आहे तो.

तिसरी पायरी : बेल्टवरचे राउंड

हौशी बॉक्सिंगमध्ये आता पुरुषांचे आणि महिलांचेही तीन मिनिटांचे तीन राउंड असतात, मध्ये एक मिनिटाची विश्रांती. तेच घड्याळ बेल्टवर आणायचं.

वॉर्म-अप दहा मिनिटं, शेवटी वेग थोडा थोडा वाढवत. मग बारा मिनिटांच्या चाचणीतल्या वेगापेक्षा ताशी अर्धा किलोमीटर कमी लावा. त्या मालवणच्या मुलाचे २६०० मीटर भरले होते, म्हणजे त्याला १२.५. तीन मिनिटं धावायचं, एक मिनिट ताशी ५ नं चालायचं, असे चार राउंड. पहिले दोन आठवडे एवढंच. तिसऱ्या आठवड्यात पाच राउंड, चौथ्यात सहा. पाचव्या आठवड्यात वेग ताशी अर्ध्या किलोमीटरनं वाढवून पुन्हा चारवर या, सहाव्यात पाच. आठवड्यातून हे एकदाच, फार तर दोनदा.

काही बारकावे. बेल्टला वेग पकडायला वेळ लागतो, म्हणून विश्रांतीच्या पंचेचाळिसाव्या सेकंदाला बटण दाबा, म्हणजे मिनिट संपताना तुम्ही पूर्ण वेगात असाल. फिरत्या बेल्टच्या दोन्ही कडांवर पाय ठेवून उभं राहायचं आणि मग उडी मारून परत चढायचं, हा प्रकार नवख्यांनी करूच नये. समोरचा दांडा धरायचा नाही. धरलात तर अंगाचा भार त्यावर जातो आणि वहीतला आकडा खोटा ठरतो. बेल्टवर धावता धावता ठोसे मारायचे व्हिडिओ लोक टाकतात. खांदा फिरतो, नजर हलते, पाय कडेवर पडतो. शॅडो, म्हणजे हवेत ठोसे मारायचा सराव, करायचा तर आरशासमोर करा.

चौथ्या आठवड्यापासून प्रत्येक राउंडची शेवटची तीस सेकंदं ताशी एकनं वाढवायला लागा. राउंड संपताना दोन-चार ठोसे जास्त मारणाऱ्याकडे पंचांचं लक्ष जातं, आणि नेमका तेव्हाच आपला हात वर राहत नाही. रस्त्यावर ही तीस सेकंदं कुणी प्रामाणिकपणे वाढवत नाही. मीही वाढवत नव्हतो. बेल्टवर एकदा बटण दाबलं की पळावं लागतं, तेवढ्यासाठी तरी ते यंत्र ठेवावं.

पंखा समोर हवाच. बाहेर धावताना निदान आपल्याच वेगाचा वारा लागतो, बेल्टवर तोही नाही. एप्रिल-मेमध्ये रत्नागिरीच्या बंद खोलीत पंख्याशिवाय राउंड धावणं म्हणजे पायांची कसोटी राहत नाही, नुसतं शिजणं होतं. घाम निथळतो पण वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंग थंड करत नाही.

चौथी पायरी : पुळण, आणि त्यासाठी पंचांग

धावायला चांगली वाळू म्हणजे ओहोटीनं उघडी पडलेली ओली, घट्ट वाळू. भरतीत ती पाण्याखाली जाते आणि वरची भुसभुशीत पट्टी उरते. म्हणून आधी भरतीची वेळ. मच्छीमारांचा जुना हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, पहाटेही आणि दुपारीही. त्यापुढे सव्वासहा तासांनी ओहोटी. हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो आणि गावागणिक फरक पडतो. स्पर्धेच्या तयारीत असाल तर आपल्या बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता पाहा. पण आठवडा आखायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

आता गंमत बघा. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी-मध्यरात्री बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी पहाटे पाच-सहाला. त्यात ते उधाणाचे दिवस, पाणी जितकं वर चढतं तितकंच लांब उतरतं, आणि मुरूड-कर्द्यासारख्या सपाट किनाऱ्यावर सकाळी मैदानच्या मैदान उघडं असतं. तिथपासून चतुर्थीपर्यंत सकाळ किनाऱ्याची. अष्टमीला भरती सहाला. सकाळी सहा आणि संध्याकाळीही सहा. दोन्ही वेळा पाणी आलेलं. भांगाची भरती असल्यामुळे फार वर येत नाही, पण घट्ट वाळू नेमकी झाकते. सप्तमी ते दशमी आमच्याकडे बेल्टचे किंवा रस्त्याचे दिवस असतात. हॉलवरच्या फळ्यावर मुलांनी "अष्टमी = बेल्ट" असं लिहून ठेवलंय. एका पालकानं उपास आहे का म्हणून विचारलं होतं.

वाळूवर दोन वेगळी कामं करायची. पहिलं, निवांत लांब धाव : तीस ते चाळीस मिनिटं, घट्ट वाळूवर, शेजारच्याशी गजाली करता येतील इतक्या वेगानं. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी. बॉक्सिंगच्या तीन राउंडमध्येही उर्जेचा मोठा वाटा ऑक्सिजनवरच येतो, आणि त्या एका मिनिटाच्या विश्रांतीत तुम्ही किती सावरता हे याच कंटाळवाण्या धावण्यावर ठरतं. त्या मुलाचे आठ किलोमीटर वाया गेलेले नव्हते, हे त्याला पटवायला मला वेळ लागला. फक्त ते रोज नकोत. आठवड्यातून एक-दोनदा पुरे.

किनारा समुद्राकडे उतरता असतो. एकाच दिशेनं धावलात तर एक पाय कायम खाली, एक वर. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला आणि कमरेत ते बोलायला लागतं. जितकं जाल तितकंच परत या आणि पाण्याच्या जवळची सपाट पट्टी धरा.

दुसरं काम चपलांचं. दोन चपला वीस मीटरवर ठेवायच्या. तीन मिनिटांचं घड्याळ. जाताना पूर्ण वेगानं, चपलेजवळ गार्डमध्ये, म्हणजे हात चेहऱ्यासमोर घेऊन, थांबायचं, येताना बॉक्सिंगच्या पवित्र्यात बाजूनं सरकत, पुढच्या फेरीला पाठीमागे. जोडीदारानं मध्येच शिटी मारली की आहात तिथून दिशा बदलायची. एक मिनिट विश्रांती. असे तीन राउंड झाले की बहुतेकांचं पोट भरतं. सुरुवात घट्ट वाळूवर करा. भुसभुशीत वाळूत धावायला कठीण जमिनीच्या सुमारे दीडपट ऊर्जा लागते, १.६ पट असं मोजमाप १९९८ साली प्रसिद्ध झालेलं आहे. तिथे दहा-पंधरा सेकंदांच्या झेपाच घ्या.

अनवाणी धावायचा मोह सगळ्यांनाच होतो. कोकणातल्या मुलांना तर बुटांचंच ओझं वाटतं. पण अनवाणी चालणं वेगळं आणि वेगानं धावणं वेगळं. टाच वाळूत खाली जाते, पोटरी आणि टाचेमागची शीर ताणली जाते. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं, मग दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. पहाटेच्या अंधारात वाळूत जाळ्याचे तुकडे, दोरखंड, बाटलीच्या काचा असतात. उजाडल्यावरच बूट काढा.

पाखाडी आणि घाटी

किनाऱ्याला लागून चढ, ही सोय सगळ्या बॉक्सरांच्या नशिबी नसते. जांभ्याच्या पाखाड्या (दगडी पायऱ्यांच्या वाटा), वाडीतून सड्यावर (वरच्या कातळी पठारावर) जाणाऱ्या घाट्या, रत्नागिरीत भगवती किल्ल्याकडे चढणारा रस्ता, आपापल्या गावात असं काहीतरी असतंच. आठ ते दहा सेकंद जीव तोडून वर, चालत खाली, पुढची धाव दम पूर्ण परतल्यावर. सहापासून सुरू करून दहापर्यंत. चढावर पाय जोरात आपटत नाही, त्यामुळे सपाटीवरच्या स्प्रिंटपेक्षा मांडीमागची शीर भरण्याची भीती कमी. उतरताना मात्र धावू नका. चढलेलं सगळं गुडघ्यांवर वसूल होतं.

बेल्टला पंधरा टक्के चढ देता येत असला, तरी हे काम बेल्टवर होत नाही. दहा सेकंदांची झेप घ्यायला बेल्ट तयार होईपर्यंत दहा सेकंद संपतात.

सड्यावर जाणाऱ्यांना एक सांगणं. आपल्या भागात जांभ्याच्या कातळावर फुरसं हा विषारी साप असतो. लहानसं, मातीच्या रंगाचं, आणि वाटेतच पसरलेलं. अंधारात बॅटरीशिवाय आणि बुटांशिवाय सड्यावर पाय टाकायचा नाही. चावलंच तर धावत घरी येऊ नका, पाय बांधू-कापू नका. पाय न हलवता गाडीनं थेट रुग्णालयात.

पावसाळा

मृग लागला की आमचं बाहेरचं वेळापत्रक निम्मं होतं. नारळी पौर्णिमेपर्यंत मी मुलांना पुळणीवर पाठवत नाही. लाटा किनाऱ्याचा आकारच बदलून टाकतात, आणि पळताना कानात वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नाही. पाखाड्यांवर शेवाळ. रस्त्याच्या कडेला पाणी, त्याखाली खड्डा आहे की नाही ते देव जाणे. महामार्गावर तर कुठल्याच ऋतूत धावू नका.

या चार महिन्यांत बेल्ट खरोखर उपयोगी पडतो. दोन दिवस राउंड, एक दिवस निवांत धाव. उघडीप मिळाली की आतल्या गावरस्त्यानं अर्धा तास बाहेर या, नाहीतर घोटे मऊ पडतात आणि ऑक्टोबरात नडगी दुखायला लागते. पायाला जखम असेल तर भाताच्या खाचराच्या, गटाराच्या साचलेल्या पाण्यातून अजिबात जायचं नाही. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) याच वाटेनं येतो. भिजल्यानंतरच्या दिवसांत ताप, अंगदुखी, खास करून पोटऱ्या दुखणं सुरू झालं तर "धावल्यामुळे असेल" म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांना पाण्यातून गेल्याचं आवर्जून सांगा.

विजेचा भाग अनुभवानं सांगतो. एका जूनमध्ये संध्याकाळी गडगडाट चालू असताना मी एका जिममध्ये १३ वर धावत होतो. दिवे दोनदा लुकलुकले, मी दुर्लक्ष केलं. तिसऱ्यांदा गेले ते गेलेच. बेल्ट अडला, मी अडलो नाही. स्क्रीनच्या कडेवर कपाळ आपटलं आणि आठवडाभर टेंगूळ घेऊन फिरलो. "कुणी मारलं सर?" असं विचारायची एकाही मुलाची हिंमत झाली नाही, पण सगळे हसत होते. वीज गेल्यावर सुरक्षेची दोरीही काही करत नाही. ती तुम्ही घसरलात तर बेल्ट थांबवायला असते, आणि त्यासाठी ती कायम कपड्याला अडकवलेलीच हवी. दिवे लुकलुकत असतील तर राउंड रद्द करा, दोरीवरच्या उड्या मारा. वळवाच्या गडगडाटात उघड्या सड्यावर आणि किनाऱ्यावरही धावू नका, आणि यंत्राचा प्लग काढून ठेवा.

घामाचा हिशेब

धावण्याआधी आणि नंतर कोरड्या अंगानं वजन करा. त्या मुलाचं मार्चमध्ये ६२.० होतं, चाळीस मिनिटांनी ६०.९. मध्ये पाणी घेतलं नव्हतं, म्हणजे सुमारे १.१ लिटर घाम गेला, शरीराच्या जवळजवळ पावणेदोन टक्के. दोन टक्क्यांच्या पुढे गेलात तर त्या दिवशीच्या संध्याकाळच्या सरावात हात जड होणार हे धरून चाला. गेलेलं पाणी पुढच्या काही तासांत थोडं थोडं भरून काढा. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण पाठ करून ठेवा. चहाचा छोटा चमचा, पोह्यांचा नव्हे. कोकमाचं आगळ वापरणार असाल तर त्यात मीठ असतंच, वरून घालू नका. शहाळं चांगलंच, पण त्यात सोडियम कमी असतं. खूप घाम गेल्यावर जोडीला चिमूटभर मीठ हवं.

थंडीतून एकदम एप्रिलमध्ये वेग टिकवायचा हट्ट नको. अंगाला उकाड्याची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, तोवर आकडा अर्ध्या-एकनं खाली ठेवा.

आठवडा असा बसतो

आमच्याकडे स्पारिंग मंगळवारी आणि शनिवारी. म्हणून बेल्टचे राउंड बुधवारी, चपलांचं काम किंवा घाटी गुरुवारी नाही तर रविवारी, निवांत धाव सोमवारी. शुक्रवारी काही नाही. तिथी आड आली तर गुरुवार-रविवार अदलाबदल होते, बुधवार हलत नाही, कारण बेल्टला भरती-ओहोटी नसते. स्पारिंगच्या आदल्या दिवशी पाय जळतील असं काही नको. थकल्या पायांनी स्पारिंग करणारा ठोसे चुकवत नाही, खातो. नडगीच्या हाडावर बोटानं दाबल्यावर एकाच ठिकाणी कळ येत असेल तर धावणं बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे. स्नायू दुखणं पसरलेलं असतं, हाडाचं दुखणं बोट दाखवून सांगता येतं.

सहा ते आठ आठवड्यांनी बारा मिनिटांची चाचणी पुन्हा, त्याच जागी, त्याच वेळी.

स्पर्धेचा आठवडा

शेवटचे कडक राउंड सहा दिवस आधी. चार दिवस आधी फक्त दोन राउंड, नेहमीच्या वेगानं, अंगाला आठवण राहावी म्हणून. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांची हलकी धाव, आदल्या दिवशी नुसतं चालणं.

या आठवड्यात एक जुनी खोड डोकं वर काढते : वजन बसवायला प्लॅस्टिकचं जॅकेट घालून ट्रेडमिल. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत महिनाभराच्या अवधीत तीन कॉलेज कुस्तीगीर असंच, गरम खोलीत, घामाची वाफ बाहेर न जाऊ देणारे कपडे घालून वजन उतरवताना मेले. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत तसे कपडे बंद झाले. कोकणात गरम खोली वेगळी करावी लागत नाही, असतेच. हौशी स्पर्धेत लढतीच्या दिवशी सकाळीच वजन होतं, सुकवलेलं अंग भरायला पुरता वेळही मिळत नाही. वजन जास्त असेल तर ते महिनाभर आधी ताटातून कमी करा, नाहीतर वरच्या गटात खेळा.

मालवणचा मुलगा दुसऱ्या स्पर्धेला निघाला त्या आठवड्यात त्याला पहाटे पाचला उठायची सवय काही सुटेना. धावायला बंदी होती. शेवटी भाट्याच्या पुलावर उभा राहून मला फोन केला, "सर, ओहोटी बघा काय लागलीहा. दोनच किलोमीटर?" त्याला चालत घरी पाठवला.